करंजपाड्यावरचा मुक्काम

खांबजाईची पदयात्रा यंदा कशी काढायची हे ठरवायला २००४ साली मखमलाबादेत बैठक बसली, तेव्हाच मला उठून जायला हवं होतं. मी उठलो नाही. चहा घेतला, वर आणखी अर्धा कप मागितला. माणसाला शिसारी आली तरी तो चहा सोडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

खांबजाई म्हणजे पेठच्या पलीकडे डोंगरावर उभा असलेला एक दगड. देऊळ नाही, दानपेटी नाही, म्हणून गर्दीही नाही. लोक त्र्यंबकला जातात, वणीला लाखांनी जातात. खांबजाईला जायचो आम्ही, मखमलाबादचे भाजी-फुलंवाले वीस-पंचवीस जण. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. दसरा झाला की रामकुंडावरून गंगेचं पाणी दोन तांब्याच्या कळशांत भरायचं, कळशा बांबूला टांगायच्या आणि कोजागिरीला ते पाणी त्या दगडावर घालायचं. तीन दिवसांची वाट, तीही अनवाणी. कावड जमिनीला टेकवायची नाही. आधी माझ्या आज्याचा खांदा होता, मग बापाचा, मग माझा.

वाटेत दुसऱ्या रात्री मुक्काम करंजपाड्यावर असतो. डोंगराच्या कुशीत पंधरा-सोळा घरं, कोकणा आदिवासींची. आपसांत ते त्यांची बोली बोलतात, आमच्याशी आमच्यासारखं बोलतात. तिथल्या म्हाताऱ्या सोमाच्या अंगणात सागाचं दुबेळकं, म्हणजे दोन फांद्यांचा खांब, रोवलेलं आहे, त्यावर कावड ठेवायची. सकाळी निघताना कळशीतलं ओंजळभर पाणी पाड्याच्या खळ्यावर शिंपडायचं. ते पाणी पडल्याशिवाय पाड्यावर नवं भात कोणी तोंडात घालत नाही. जुनं धान्य श्रावणातच तळाला गेलेलं असतं. म्हणजे खळ्यात भात आणि ताटात काही नाही, असे चार-सहा दिवस ती माणसं दर वर्षी आमच्यासाठी काढतात. आमच्याकडे सुतक आलं, कावड अडली, तर कावडीच्या घरच्या माणसानं जाऊन सांगायचं. मग ते आपल्या भगताकडून देवाला विचारतात आणि खातात. आज्याच्या काळापासून एक तर कावड गेली किंवा निरोप गेला. निरोपाचं काम आमच्या घरचं, म्हणजे माझं.

आता बैठकीचं सांगतो. बैठक माझ्या पुतण्याच्या, समर्थच्या ऑफिसात होती. तो प्लॉट पाडून विकतो. ते ऑफिस जिथं आहे तिथं माझ्या भावाची शेवंती होती. सिंहस्थ होऊन वर्ष झालं होतं. सिंहस्थात ज्याच्या त्याच्या गळ्यात पास आणि अंगात भगवं जाकीट आलं होतं, ते आता कोणाला काढवत नव्हतं. कुंभ गेला तरी हौस राहिली होती, तिला कुठंतरी जागा हवी होती. समर्थला आमची कावड आठवली. पोरगा सहावीत असताना एकदा आला होता, पहिल्याच दिवशी गिरणाऱ्याहून रडत एसटीनं परत गेला होता.

टेबलावर कॉम्प्युटरवर काढलेला नकाशा होता. आमची पाऊलवाट त्यात नव्हतीच. मखमलाबादेतून मुंगसरे, गिरणारे, मग डोंगर चढून करंजपाडा, ही वाट सोडून लाल रेघ सरळ पेठच्या डांबरी रस्त्यानं गेली होती. टेम्पो पुढे, डीजे मागे, मधे पदयात्री. दुसऱ्या रात्रीचा मुक्काम एका साहेबांच्या फार्महाऊसवर, कारण साहेब टी-शर्ट देणार होते. एकजण गुटखा खात होता. तो बोलता बोलता चहाच्या प्लास्टिकच्या कपात पिंक टाकायचा आणि तोच हात नकाशावर ठेवायचा. माझं सगळं लक्ष त्या कपाकडे.

मी विचारलं, करंजपाड्याचं काय. कोणीतरी म्हणालं, तिथं संडास नाही, बायकांची कुचंबणा होते. हे खरंच होतं, आमच्या बायका वर्षानुवर्षं अंधारात दगड चाचपत गेल्या, कोणी कधी विचारलं नाही. एक डॉक्टर होते, ते म्हणाले तिथल्या झऱ्याचं पाणी चांगलं नाही. तेही असेल. मग गुटखेवाल्यानं पिंक टाकली आणि म्हणाला, "आणि त्या लोकांच्या हातचं खायचं म्हणजे, काका, आता एवढे मोठे लोक येणार..." पुढचं त्यानं तसंच सोडून दिलं. सगळे समजुतीनं हसले. माझी आई गोजराबाई त्या पाड्यावर सोमाच्या बायकोच्या, चिमणाबाईच्या चुलीपुढं बसून जेवली होती, एका ताटातून. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. मला वाटलं, त्याच्या तोंडावर तो कप रिकामा करावा.

तेवढ्यात समर्थनं पुठ्ठ्याची गुंडाळी उलगडली. फ्लेक्सचा नमुना होता. वर खांबजाई, तीही कुठल्या तरी भलत्याच देवीचा दागिने घातलेला फोटो. खाली साहेब, खाली समर्थ आणि एका कोपऱ्यात फेटा बांधलेला मी. शेजारी लिहिलं होतं, मार्गदर्शक ह. भ. प. वाळूबाबा. मी आयुष्यात कीर्तन केलेलं नाही. मी गुलाब विकतो. पण फोटो चांगला आला होता. खोटं कशाला सांगू, मी तो दोनदा बघितला. मग समर्थ म्हणाला, काका, टप्पे कुठं कुठं पाडायचे ते तुम्हीच सांगा, आणि मी चष्मा लावून त्या लाल रेघेवर टप्पे पाडून दिले.

घरी आल्यावर मी छायाला, म्हणजे आमच्या मंडळींना, सगळं सांगितलं. तासभर शिव्या दिल्या. तिनं मळ्यातल्या फुलांच्या जुड्या बांधत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाड्यावर सांगायला कधी जाताय?"

मी म्हणालो, मी का जावं? वाट ज्यांनी बदलली त्यांनी जाऊन सांगावं. जाऊ दे समर्थला त्याची गाडी घेऊन, बसू दे सोमाच्या अंगणात, सांगू दे की तुमच्या हातचं आम्हाला चालत नाही. तोंडानं सांगायची लाज वाटली तर तेवढंच शिकेल.

"तो नाही जायचा."

"मग त्याच्या कर्मानं."

"उपाशी तो नाही राहणार," छाया म्हणाली. "वड्याचं तेल वांग्यावर काढू नका. रुसायचं तर इथं रुसा."

मी रुसूनच बसलो. रुसण्यात एक सुख असतं, आपण काही करत नाही आणि तरी आपण बरोबर असतो. समर्थला मी म्हणालोही नाही की कोणीतरी पाड्यावर जा. त्याला वाटलं असेल, काकांचं काम, काका करतील. किंवा त्याला काहीच वाटलं नसेल. माझ्याकडे सहा दिवस होते. सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत आलो असतो. मी गेलो नाही.

पदयात्रा निघाली. शंभरावर माणसं, सगळ्यांच्या अंगात भगवे टी-शर्ट, पाठीवर साहेबांचं नाव. रामकुंडावर पाणी भरताना तीन वेळा कळशी बुडवायला लावली, कारण पहिल्या दोन वेळा फोटो नीट आला नाही. पेठ नाक्यापासून डीजे सुरू झाला. त्याच्यापुढं पोरं नाचत होती आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांना शिव्या देत होती. माझ्या खांद्यावर कावड होती, तीही फोटोपुरती. गाव मागं पडलं की ती टेम्पोत जायची. टेम्पोत तिच्यासाठी लोखंडी स्टँड वेल्डिंग करून घेतलं होतं. देवीचं पाणी डिझेलच्या धुरात हिंदकळत पुढे आणि आम्ही मागे. रस्त्याकडेच्या गावांत लोक बघायला यायचे, समर्थ त्यांना पत्रकं वाटायचा आणि ती पत्रकं आमच्याच पायाखाली यायची.

फार्महाऊसवर जेवणाची रांग होती. पनीर, गुलाबजाम, दोन तऱ्हेचा भात. ज्यानं त्यानं ताट भरून घेतलं आणि अर्धं टाकलं. टाकलेलं सगळं मागच्या ओढ्यात गेलं. सकाळी हात धुवायला गेलो तर ओढ्यात भात फुगून तरंगत होता, त्यावर कुत्री आणि माश्या. मला तिथंच ओकारी आली. परत आलो तर कावडीच्या बांबूवर कोणीतरी ओला टॉवेल आणि चड्डी वाळत घातलेली. मी ती काढून बाजूला ठेवली. कोणाची चड्डी आहे हेदेखील विचारलं नाही. गेटवर फ्लेक्स लावला होता, त्यात मी फेटा बांधून हसत होतो, मग बोलणार काय?

कोजागिरीला पाणी दगडावर पडलं. समर्थचं भाषण झालं, माझ्या गळ्यात शाल पडली. घरी येऊन ती शाल मी छायाला दिली, तिनं ती खताच्या गोण्यांवर टाकली.

त्यानंतर आठवड्यानं मी गिरणाऱ्याला मजूर बघायला गेलो. द्राक्षाची छाटणी चालू होती, डोंगरातली माणसं पहाटे येऊन चौकात उभी राहतात, मळेवाले त्यांना घेऊन जातात. माझा मळा गुलाबाचा, पण खुरपणीला दोघं हवे होते. त्या गर्दीत मला दत्तू दिसला, सोमाचा जावई. तिशीतला माणूस, पण गालफडं बसलेली. त्यानं मला बघितलं आणि धावत येऊन माझे दोन्ही हात धरले. मी जिवंत आहे की नाही हे हात लावून बघतोय, असे त्यानं ते धरले होते.

"वाळूबाबा, तुमी बरं हाये ना? समदे बरं हाये?"

मी म्हणालो, बरे आहोत. मग त्यानं सगळं सांगितलं. पाड्यावर त्यांनी कोजागिरीच्या आदल्या रात्री वाट बघितली. कावड आली नाही. निरोपही नाही. निरोप नाही याचा अर्थ त्यांनी एकच काढला, आम्ही निघालो आहोत आणि वाटेत काहीतरी झालं. कोणी कड्यावरून पडलं, कोणाला साप चावला. दुसऱ्या दिवशी सोमा आमची वाट उलटी चालत निघाला. सत्तरीचा माणूस. गिरणाऱ्याच्या अलीकडच्या खिंडीपर्यंत आला, हाका मारल्या, दऱ्या बघितल्या आणि परत गेला. दोन दिवसांनी पुन्हा निघाला. त्या वेळी पायात कपारीचा दगड घुसला, पाय सुजला, मग दत्तूनं पाठीवर घेऊन आणला. आणि खळ्यात भात तसंच पडलेलं. रेशनची ज्वारी संपली होती. बाया रानातून कडूकंद आणत होत्या, तो सात पाण्यांत उकळून पोरांना घालत होत्या.

"भगताला नाय विचारलं?" मी म्हणालो.

"विचारलं. तो बोलला, निरोप येऊ द्या. मान्सं वाटंत आसतील त आपुन कसं खायचं?"

गिरणाऱ्याच्या चौकात माझ्यासारखा नालायक माणूस त्या सकाळी दुसरा नव्हता. समर्थची शिसारी, गुटखेवाल्याची शिसारी, त्या ओढ्यातल्या भाताची शिसारी, सगळी एका जागी येऊन माझ्याच अंगावर पडली. त्यांनी करंजपाडा नकाशातून काढला, कारण त्यांना तो माहीतच नव्हता. मला माहीत होता. मला सोमाच्या अंगणातलं दुबेळकं माहीत होतं, खळं माहीत होतं, चिमणाबाईच्या घरातलं जुनं धान्य कधी संपतं तेही माहीत होतं. आणि मी रुसलो होतो. मी दत्तूला काही खरं सांगितलं नाही. म्हणालो, अडचण झाली, उद्या येतो, पाणी घेऊन येतो.

खरं तर चालत जायचं होतं. पण चालत गेलो असतो तर आणखी दोन रात्री गेल्या असत्या आणि तिकडं पोरांच्या पोटात कडूकंद. असं मी छायाला सांगितलं, ती म्हणाली, जा, कसंही जा. हे कारण खरं होतं. माझे गुडघे दुखत होते, हेही खरं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. सकाळी रामकुंडावरून एक कळशी भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि पेठची गाडी पकडली. कळशी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, पाणी सांडलं तर तुम्हाला उतरवीन.

फाट्यावर उतरलो, तिथून पाडा कोसभर आत. पाड्याची घरं दिसायला लागली तेव्हा चपला काढून पिशवीत घातल्या. का काढल्या, ते मला त्या क्षणी नीट माहीत होतं.

सोमा अंगणात बाजेवर होता, पायाला पाला बांधलेला. मला बघून तो उठायला गेला, पडता पडता राहिला. "आला," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. घरांतून माणसं बाहेर आली. पोरं खळ्याकडे पळाली आणि भाताच्या राशीपासून दोन हात लांब उभी राहिली, हात मागं बांधून. कोणीतरी त्यांना तसं शिकवलं होतं. मी कळशी दुबेळक्याला टेकवून धरली. चिमणाबाई परात आणि तांब्या घेऊन आली. कावड घेऊन येणाऱ्याचे पाय तिथं घरची म्हातारी धुते. तिनं माझा उजवा पाय परातीत घेतला.

"पायी आलास?" तिनं विचारलं.

"पायीच," मी म्हणालो.

कोसभराची धूळ पायावर होती आणि धुळीच्या मधोमध चपलेच्या पट्ट्याचा स्वच्छ पांढरा व्ही उमटला होता. मला तो दिसला त्याच वेळी तिलाही दिसला. चिमणाबाईचा अंगठा त्या पट्ट्यावरून एकदा फिरला. मग तिनं पाणी ओतलं, धूळ गेली, पट्टा गेला. दुसरा पाय तिनं पहिल्याइतकाच सावकाश धुतला आणि पदरानं पुसला.

मी खळ्यावर पाणी शिंपडलं. बायांनी तिथल्या तिथं भात कांडलं, तीन दगडांच्या चुलीवर शिजवलं, वर उडदाची आमटी. पहिला घास कावडवाल्यानं खायचा, मग सगळ्यांनी. पळसाच्या पानावर भात समोर आला. आजूबाजूला पन्नास माणसं माझ्या हाताकडे बघत होती. भाताला वास होता, कोवळा, गोड. मी घास तोंडात घातला आणि तो खाली जाईना. ओढ्याकाठी जसं झालं होतं तसंच पोटातून वर आलं. मी तो बळंच गिळला. मग पोरं बसली. सोमा दोनदा वाढून घेऊन जेवला, तोंडातला घास तसाच असताना दरीत मारलेल्या हाका मला सांगत होता आणि हसत होता.

निघालो तेव्हा चिमणाबाई पाड्याच्या कडेपर्यंत आली. मला आता राहवेना.

"चिमणाबाई, मी बसनं आलो. कावडही गेली होती, पेठ रस्त्यानं. आम्ही सगळे धडधाकट होतो. निरोप द्यायचं काम माझं होतं, मी नाही आलो."

"बसनं आलास ते म्हाईत हाय. पाय म्या धुतले ना." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. "बाकीचं आता कळलं."

"मग पाणी का शिंपडू दिलंत?"

"पोरं भुकेली व्हती. सोमा बी. सोमाला मी नाय सांगणार. तू पायी आलास आसंच त्याला वाटतंय, वाटू दे."

मी म्हणालो, पुढच्या वर्षी मी एकटा येईन, कावड खांद्यावर घेऊन, सगळी वाट चालत, आईची शपथ घेतो. शपथ घेताना माझा हात खरंच गळ्याकडे गेला होता.

"ये की," ती म्हणाली. "पाहुना म्हणून ये. जेवून जा. पन आता तुझ्यासाठी आमी नाय थांबनार. भात झालं की खाऊ."

एवढं बोलून ती परत फिरली, कारण मागून कोणीतरी पोर तिला आणखी भात मागत होतं. मी फाट्यावर आलो. गाडीला अजून तास होता. मी पिशवीतून चपला काढल्या आणि घातल्या.